मांडणी : खिळ्यांच्या केसपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार आहे. तिथल्या एखाद्या जुन्या दुकानात थोडा वेळ बसून पाहावे. गिऱ्हाइकाने रंग सांगायचा अवकाश, जुना नोकर फारसे न पाहताच हात वर करतो आणि नेमका तोच तागा खाली ओढतो. दिवाळीची साफसफाई झाली की मात्र चार दिवस हाच माणूस चाचपडतो. दुकान तेच, माल तोच. फक्त जागा बदललेल्या असतात. त्याचे ज्ञान डोक्यात जेवढे होते तेवढेच मांडणीतही होते, हे तेव्हा लक्षात येते.

काही वर्षांपूर्वी याच बाजारातील एका गल्लीत, लग्नपत्रिका करून देणाऱ्या छोट्या दुकानात मी मुद्रित तपासायला बसलो होतो. पत्रिका संध्याकाळपर्यंत छापायला जायची होती. संगणक चालवणारा तरुण चहा घ्यायला उठला आणि त्याच्या लहान भाचीने कळफलकावरची एक कळ दाबली. पडद्यावरची सारी अवजारे, रंगांच्या चौकटी, थरांची यादी क्षणात नाहीशी झाली. उरले फक्त गणपतीचे चित्र. परत आलेल्या मामाचा चेहरा उतरला. "सगळं उडालं," तो म्हणाला. पोरीला एक धपाटा बसला आणि दुरुस्तीवाल्याला फोन करण्यासाठी त्याने खिसा चाचपला. प्रत्यक्षात काहीच उडाले नव्हते. फोटोशॉपमध्ये 'टॅब' ही कळ दाबली की सर्व चौकटी लपतात आणि पुन्हा दाबली की परत येतात. आम्ही ती दाबली. सारे जागच्या जागी आले. पण त्या मुलीला बसलेला धपाटा परत घेता आला नाही.

शाळेच्या संगणक कक्षात हेच दृश्य वेगळ्या रूपात दिसते. "हात लावू नका, सेटिंग बिघडेल," असे आपण शिक्षक सहज म्हणून जातो. ही भीती कोठून आली आणि ती आज कितपत खरी आहे, हे समजण्यासाठी मांडणीचा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात जुळाऱ्यापुढे लाकडी केस असे. केस म्हणजे अनेक खणांचा उथळ ट्रे. इंग्रजी केसमध्ये सर्वांत जास्त लागणाऱ्या 'ई' या अक्षराचा खण सर्वांत मोठा आणि हाताशी असे. मोठी अक्षरे वरच्या केसमध्ये व लहान अक्षरे खालच्या केसमध्ये ठेवत. त्यावरूनच इंग्रजीत त्यांना 'अपर केस' व 'लोअर केस' ही नावे पडली. मोठ्या अक्षरांच्या केसमध्ये 'जे' आणि 'यू' ही दोन अक्षरे बहुधा 'झेड'नंतर, शेवटी असत. कारण ही मांडणी रूढ झाली तेव्हा त्यांना स्वतंत्र अक्षरांचे स्थान मिळालेले नव्हते. पुढे ते मिळाले, पण जुळाऱ्यांच्या हातांना लागलेली सवय कोण मोडणार? मांडणी एकदा हातात भिनली की तिचे मूळ कारण संपल्यावरही ती टिकून राहते.

देवनागरीचा प्रश्न याहून अवघड होता. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी होत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्यातील सुबक देवनागरी छपाई आजही नावाजली जाते. त्या सुबकपणात अक्षरे घडवणाऱ्यांचा वाटा होताच. पण इतक्या खणांतून योग्य खिळा न चुकता उचलणाऱ्या जुळाऱ्यांचाही होता.

या व्यवस्थेत पूर्ववत करणे हा कामाचाच भाग होता. छपाई झाली की प्रत्येक खिळा पुसून त्याच्या खणात परत टाकावा लागे. एखादा खिळा शेजारच्या खणात पडला, तर पुढच्या मजकुरात चूक हमखास, कारण जुळारी खिळा पाहून नव्हे तर खण ओळखून उचलत असे. केस हातातून पडून खिळे मिसळले, तर ते निवडण्यात कित्येक तास जात. म्हणजे 'हात लावू नका' हा नियम त्या काळी अगदी शहाणपणाचा होता. बिघडवणे क्षणाचे आणि सुधारणे दिवसाचे असेल, तर भीती योग्यच.

आता पडद्याकडे वळू. जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर 'मॅकपेंट' हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम आला. तो बिल ॲटकिन्सन यांनी लिहिला होता. पडदा फक्त ५१२ × ३४२ बिंदूंचा, काळापांढरा. डाव्या बाजूला अवजारे, त्यांच्याखाली रेषेच्या जाड्या, तळाशी नक्षीचे नमुने आणि मध्ये चित्र. या जागा पक्क्या होत्या. वापरणाऱ्याला त्या हलवता येत नसत. केस जणू खिळे ठोकून बसवलेली होती. तिथे बिघडण्याची भीती नव्हती, तसे स्वातंत्र्यही नव्हते. ॲटकिन्सन यांच्याच १९८७ मधील 'हायपरकार्ड'मध्ये अवजारांचा मेनू ओढून वेगळा काढता येई आणि पडद्यावर हवा तेथे ठेवता येई.

फोटोशॉपची सुरुवातही १९८७ मध्येच झाली. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणारे थॉमस नोल आणि चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे काम करणारे त्यांचे बंधू जॉन यांनी तो घडवला. फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबी कंपनीने त्याची पहिली आवृत्ती बाजारात आणली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत चित्राचे थर आले आणि त्याबरोबर एकमेकींमागे लावता येणाऱ्या चौकटीही आल्या. सोयी वाढल्या तशी पडद्यावर गर्दी झाली. आता प्रत्येकाला चौकटी आपल्या मनाप्रमाणे लावता येत होत्या, पण कुणी त्या विस्कटल्या तर एकेक शोधून पुन्हा लावाव्या लागत.

२००२ मध्ये सातव्या आवृत्तीत यावर उपाय आला : मांडणीला नाव देऊन ती साठवता येऊ लागली. पत्रिकेच्या कामाची एक मांडणी, छायाचित्रे दुरुस्त करण्याची दुसरी. इतिहासाच्या दृष्टीने ही लहानशी सोय मोलाची आहे. जुळाऱ्याच्या केसची दुसरी प्रत काढता येत नव्हती. येथे मांडणी ही वस्तू न राहता माहिती झाली, आणि माहितीची नक्कल करता येते.

हे घडते कसे? कोणती चौकट उघडी आहे, ती पडद्यावर डावीकडून व वरून किती बिंदूंवर आहे, कोणत्या गटात आहे, हे सारे प्रोग्रॅम वेगळ्या छोट्या फायलीत लिहून ठेवतो. तुमचे चित्र वेगळ्या फायलीत असते. म्हणून मांडणी पूर्ववत केल्याने चित्राचा एक बिंदूही बदलत नाही. फोटोशॉपमध्ये 'विंडो' मेनूतील 'वर्कस्पेस'मध्ये 'रीसेट' ही आज्ञा असते. निवडलेली मांडणी मूळची असेल तर ती मूळ रूपात येते; आपण नाव देऊन साठवलेली असेल तर आपण साठवलेल्या रूपात येते. प्रोग्रॅमच्या सर्वच निवडी पुसून टाकण्याची सोय वेगळी असते. ती शेवटचा उपाय म्हणून वापरावी.

'गिंप' या मोफत व मुक्त प्रोग्रॅमची वाट थोडी वेगळी आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला. त्याच्या चौकटी दीर्घकाळ सुट्या खिडक्यांसारख्या पडद्यावर विखुरलेल्या असत आणि नवख्यांचा गोंधळ उडे. सर्व काही एकाच खिडकीत ठेवण्याची सोय २०१२ मधील २.८ या आवृत्तीत आली. २०१८ च्या २.१० पासून तीच मूळची मांडणी ठरली.

जागेला इतके महत्त्व का, याचे उत्तर मानसशास्त्रात मिळते. १९५४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी प्रयोगांतून दाखवले की लक्ष्यापर्यंत हात नेण्याचा वेळ हा अंतर व लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार वाढतो. अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट होत नाही. त्यात ठरावीक थोडीच भर पडते. पण हा नियम लक्ष्य कोठे आहे हे माहीत असतानाचा आहे. ते शोधावे लागले तर शोधण्याचा वेळ वरून लागतो. मांडणी विस्कटली की तोटा होतो तो मुख्यतः या शोधण्यात.

हे वर्गात तपासता येईल. दोन विद्यार्थ्यांना ओळखीच्या मांडणीत दहा अवजारे एकामागून एक निवडायला सांगा व वेळ मोजा. मग चौकटी इकडेतिकडे हलवून तोच प्रयोग करा. शेवटी विद्यार्थ्यांनाच 'रीसेट' करू द्या. दोन वेळांतील फरक फळ्यावर लिहा.

मात्र एक पथ्य पाळावे. एकच संगणक अनेक जण वापरत असतील, तर दुसऱ्याची मांडणी मोडण्यापूर्वी तिला नाव देऊन साठवावी. कुणाच्या तरी हाताची ती सवय असते. तिची किंमत त्या कापड दुकानातील जुन्या नोकराला विचारावी.

संगणकाच्या पहिल्या तासाला अवजारांची नावे पाठ करून घेण्याआधी मांडणी मोडायला आणि पूर्ववत करायला शिकवले, तर बाकीचे मुले स्वतःच शोधतात. परतीची वाट माहीत असलेल्या मुलाला धपाट्याचे भय उरत नाही. गांधीबागेतल्या त्या मुलीने खरे तर दुकानातल्या कोणालाही माहीत नसलेली एक कळ शोधून काढली होती.