सकाळचे कॉलेज

आपल्या वस्तीतलं पोरगं कॉलेजात गेलं की आपण हार घालतो, पेढे वाटतो. घालावेत. पण नव्या विद्यार्थ्याचे स्वागत कसे करायचे, ते परमपूज्य बाबासाहेबांनी कृतीने दाखविले.

ते स्वतः परळच्या चाळीत, एका खोलीत शिकले. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावाला अभ्यासाला उठवीत आणि त्याच जागेवर स्वतः पडत. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर एल्फिन्स्टन कॉलेज. सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली, प्रा. मुल्लरांनी पुस्तके दिली, म्हणून निभावले. तरी कॉलेजातला हॉटेलवाला चहा-पाणी देत नसे! हे सारे बाबासाहेब विसरले नाहीत.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. वर्ग सकाळचे ठेवले. का? तर पोरगा दिवसा कारकुनी करणार, घरी पगार देणार, तेव्हा कुठे फी भरणार. नोकरी सोडून शीक, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून कॉलेजनेच आपली वेळ बदलली.

मराठवाड्यात अडचण निराळी. तेव्हा तिथे विद्यापीठच नव्हते. १९५० साली औरंगाबादेत सोसायटीचे कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. पण खेड्यातल्या महारवाड्यातून आलेल्या पोराला शहरात खोली कोण देणार? म्हणून नागसेनवनात वर्गांच्या जोडीला वसतिगृहेही उभी राहिली.