भिंतीचा रंग आणि लेकरांची बोटे

स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती देते म्हटले, तर त्या म्हणाल्या, पाककृती ढीगभर आल्या आहेत. म्हणून गेल्या दिवाळीआधी आमच्या घरात ज्या विषयाने महिनाभर ठाण मांडले होते, तोच घेऊन आले आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

माझ्या धाकट्या जावेला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात तिने मला विचारले, “ताई, बाळाच्या खोलीला कोणता रंग द्यावा? गुलाबी की आकाशी?” मी म्हटले, “अगं, डोळ्यांना कोणता बरा दिसेल ते मागून बघू. पोटात गेला तर कोणता चालेल ते आधी बघ.” ती हसली. पण मला हसू आले नाही, कारण माझा मुलगा दीड वर्षाचा असताना खिडकीचे गज धरून उभा राहायचा आणि गजांवरचे रंगाचे पोपडे नखाने काढून तोंडात टाकायचा. 2007 सालची गोष्ट. सासूबाई म्हणत, “अंगात चुना कमी असेल, खाईल थोडे दिवस.” मीही तेच खरे मानले. तो आता मोठा झाला, ठीक आहे. पण पुढे भाचीने तिच्या कॉलेजच्या पुस्तकातून एक हकिकत वाचून दाखवली आणि माझ्या पोटात गोळा आला.

ती हकिकत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरातली. तिथली घरे लाकडी, खांबांवर उभी केलेली, पुढे रुंद ओसरी आणि ओसरीला लाकडी कठडा. कठड्याला आणि आतल्या भिंतींना पांढरा तेलरंग. हा रंग म्हणजे जवसाच्या तेलात खललेला सफेदा, आणि सफेदा म्हणजे शिसे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या मुलांच्या दवाखान्यात विचित्र आजाराची मुले येऊ लागली. पोटात कळा येत, मनगटे लुळी पडत, कुणाची नजर अधू होई. 1892 साली डॉक्टर टर्नर आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहिले की ही शिशाची विषबाधा आहे. पण शिसे पोटात जाते कुठून? पाण्याच्या टाक्या तपासल्या, भांडी तपासली. काही केल्या उलगडा होईना.

डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन हे डोळ्यांचे डॉक्टर. नजर गेलेली मुले त्यांच्याकडे येत. 1904 साली त्यांनी उघडपणे मांडले की दोष कठड्याचा आणि खोलीच्या भिंतींचा आहे. तिथल्या कडक उन्हाने तेलरंगाची भुकटी होते. मूल कठडा धरून खेळते, भुकटी बोटांना लागते, आणि बोट तोंडात जाते. नखे खाणारी, अंगठा चोखणारी मुले जास्त आजारी पडतात, हेही त्यांनी ध्यानात आणून दिले. आज हे आपल्याला किती सरळ वाटते! पण दुसऱ्या शहरांतल्या डॉक्टरांना ते पटेना. भिंतीने कधी मूल आजारी पडते का?

मला या माणसाचे मोठे कौतुक वाटते. घर रंगवताना सगळे जण भिंत डोळ्यांनी बघतात. रांगत्या मुलाची भिंतीशी ओळख हाताने आणि जिभेने होते. हे ज्याच्या ध्यानात आले तो डॉक्टर डोळ्यांचा होता, याची मला गंमत वाटते. त्यातून शिशाच्या रंगाची चव गोडसर असते म्हणतात. म्हणजे पोर एकदा चाटून थांबत नाही.

शेवटी 1922 साली क्वीन्सलँड प्रांतात कायदा झाला. मुलांचा वावर असलेल्या घरांच्या आणि शाळांच्या बाहेरच्या बाजूला, जमिनीपासून 4 फुटांपर्यंत शिशाचा रंग लावू नये. चार फूट! कायदा लिहिणाऱ्याने मुलाचा हात कुठवर पोचतो ते मापून घेतले असावे असे वाटते. त्याच्या आदल्या वर्षी जिनीव्हाला देशोदेशींच्या सभेने घराच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा ठराव केला होता, पण त्यांच्यापुढे प्रश्न मुख्यतः रंगाऱ्यांचा होता. अमेरिकेने घरगुती रंगातले शिसे बंद केले ते 1978 साली. आपल्याकडे 2016 साली नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला: घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे 90 भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि तसे डब्यावर छापलेले हवे. गिब्सनसाहेबांनी सांगितल्याला तोवर 113 वर्षे झाली होती. माझ्या मुलाने गजाचे पोपडे खाल्ले त्याला दहा.

भिंतीतले विष हे काही पहिल्यांदाच घडले नव्हते. 1775 च्या सुमारास स्वीडनच्या शील नावाच्या रसायनज्ञाने तांबे आणि सोमल मिळवून सुरेख हिरवा रंग केला. पुढे विलायतेत मुलांच्या खोल्यांनाही तसल्या हिरव्या रंगांचे छापील कागद चिकटवीत. ओलीने त्यावर बुरशी धरली की विषारी वायू सुटतो, हे 1893 साली इटलीच्या गोसिओ यांनी दाखवले.

आपल्याकडे माझ्या माहेरी भिंती शेणाने सारवलेल्या, आणि दिवाळीआधी दर्शनी भिंतीला चुन्याची सफेदी. चुन्यात चिमूटभर नीळ, आणि अंगाला लागू नये म्हणून थोडा डिंक. तरी पाठ टेकली की परकर पांढरा व्हायचाच. ऑइलपेंट आला तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद! फडक्याने पुसता येतो, पावसाळ्यात टिकतो. पण लोखंडी गजांना गंज धरू नये म्हणून ऑइलपेंटच्या आधी शेंदराचा हात देत, आणि शेंदूर हेही शिसेच. शेंदूर खाल्ला तर आवाज बसतो असे आपली म्हातारी माणसे सांगत. देवाच्या शेंदराला मुलांना बोट लावू देत नसत. खिडकीच्या शेंदराकडे मात्र कुणाचे लक्ष नव्हते. पिवळ्या आणि नारिंगी तेलरंगांतही शिसे घालीत, आणि मुलांच्या खोलीला आपण हौसेने नेमके तेच रंग निवडतो.

लहान मुलाच्या पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट अंगी लागते, हाडांत साठते आणि बुद्धीवर परिणाम करते, असे भाचीने सांगितले. म्हणून नवा डबा चांगला आणला एवढ्याने भागत नाही. खाली जुना रंग आहे, तो कोरडाच घासला तर त्याची धूळ घरभर होते.

रंगारी आला तो कोरडा पॉलिशपेपर घेऊनच. मी म्हटले, “दादा, आधी पाणी मारा, मग घासा.” तो म्हणाला, “बाई, दुप्पट वेळ लागेल.” लागू दे म्हटले. जावेला पंधरा दिवस माहेरी धाडले. चिकटून बसलेला रंग खरवडला नाही, त्यावरच नवा हात दिला. सुटलेला तेवढा ओला करून काढला, कचरा कागदात बांधला, फरशी तीनदा ओल्या फडक्याने पुसली. डब्यावरची बारीक अक्षरे मी चष्मा लावून दुकानातच वाचली. दुकानदार म्हणाला, असे वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

रंग आकाशी लागला. मुलगी झाली. सासूबाई अजून म्हणतात, गुलाबी हवा होता.