गनिमी कावा : गनीम कोण आणि कावा कसला?

'आंदोलकांचा गनिमी कावा, पोलिसांना चकवा' अशी बातमी आपल्याकडे महिना-दोन महिन्यांनी असतेच. मंत्र्यांच्या सभेत चार कार्यकर्ते साध्या कपड्यांत शिरले आणि झेंडे दाखवले, झाला गनिमी कावा. आमदार रातोरात हॉटेलात नेऊन ठेवले, तोही गनिमी कावाच! मध्यंतरी एका शाळकरी पोराने मला सरळ विचारलं, "म्हणजे महाराज फसवूनच लढाया जिंकायचे ना?" वाईट वाटलं, पण त्याच्यावर रागावता येईना. शब्द जसा कानावर पडतो तसाच त्याने अर्थ लावला होता.

तर आधी 'गनीम'. शब्द मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. अर्थ शत्रू, आणि मुळाशी लुटीची छटा. युद्धात मिळालेल्या लुटीला 'गनीमत' म्हणतात, ते याच कुळातलं. मोगलांच्या फारसी लिखाणात मराठ्यांना गनीम म्हटलेलं आहे. म्हणजे ही शिवी आपल्यालाच दिलेली! मराठी बखरी-पत्रांत मात्र गनीम म्हणजे समोरचा शत्रू. आणि तरीही आपल्याच लढण्याच्या रीतीला आपण 'गनिमी' म्हणतो. शत्रूने ठेवलेलं नाव मराठ्यांनी बिनदिक्कत मिरवलं, असं मला वाटतं.

खरी गंमत 'कावा'मध्ये आहे. आज कावा म्हणजे कपट, कावेबाज म्हणजे लबाड. पण जुन्या भाषेत कावा म्हणजे घोडा गोल रिंगणात फिरवणं. हिंदीत 'कावा काटना' आजही त्याच अर्थाने आहे. भरधाव घोडा वळवायचा, हुलकावणी द्यायची, पुन्हा फिरून यायचं. लबाडीचा अर्थ यातूनच पुढे चिकटला.

हा अर्थ धरून पालखेडची मोहीम बघा. निजामाकडे जड तोफखाना होता. बाजीरावाने त्याच्यासमोर उभं राहून लढाई दिलीच नाही. जालना-औरंगाबादचा मुलूख मारला, बऱ्हाणपुराकडे जातोय असं भासवलं आणि गुजरातेत उतरला. निजाम वैतागून पुण्यावर गेला. पुणं जाताना बघून कुणीही धावत परत आला असता. बाजीराव आला नाही, त्याने उलट औरंगाबादेकडे मोर्चा वळवला. आता धावायची पाळी निजामाची. घाईत अवजड तोफा मागे ठेवून त्याने गोदावरी ओलांडली आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला अडकला. दाणा नाही, पाणी नाही. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह करावा लागला. मोठी लढाई अशी झालीच नाही. शेकडो कोसांचं रिंगण, आणि मधे निजाम. कावा म्हणतात तो हा.

छापा वेगळा. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाहिस्तेखानावर पडला तो छापा : एक रात्र, एक घाव, लगेच माघार. छापा हा गनिमी काव्याचा एक भाग असतो, पण दोन्ही एक नव्हेत. (आता छापे आयकरवाले घालतात, ते सोडा.)

उंबरखिंडीतही तेच. २ फेब्रुवारी १६६१ ला कारतलबखानाची फौज घाट उतरून कोकणात निघाली होती. महाराजांनी तिला खिंडीत येऊ दिलं आणि मग पुढची-मागची वाट बंद केली. यात फसवणूक कुठे आहे? वाट खानानेच निवडली होती. महाराजांना ती वाट माहीत होती आणि खान कधी येतोय याची खबर होती, एवढाच फरक. शेवटी खान शरण आला, खंडणी आणि सामान देऊन त्याला जाऊ दिलं. सरसकट कत्तल नाही.

आणखी एक. 'गनिमीवरूनच इंग्रजांनी गेरिला शब्द घेतला' हे अधूनमधून फिरत असतं. तसं नाही. गेरिला स्पॅनिश आहे, अर्थ 'छोटं युद्ध', आणि १८०८ नंतर नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमधले लोक लढले तेव्हा तो युरोपभर पसरला. 'गोरिला वॉर' लिहिणाऱ्यांना तर हात जोडतो, तो माकडाच्या जातीतला प्राणी.

ही रीत किती जपावी लागते ते पानिपतावर कळलं. बाजारबुणगे, बायकामुलं, यात्रेकरू मागे ठेवून सडं होऊन लढावं, असं मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या माणसांचं म्हणणं होतं. भाऊसाहेबांचा भर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर होता. तोफा चांगल्याच होत्या, पण एवढा लबाजमा घेऊन घोडा वळणार कसा? १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते सांगायला नको.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं, खोपोलीजवळ चावणीला जा, उंबरखिंडीत नदीच्या पात्रात उभा राहा आणि दोन्हीकडे वर बघ. जाऊन आला की बोलू म्हटलंय.

तुमच्याकडे कुणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी 'कावा' हा शब्द घोड्याच्या किंवा बैलाच्या संदर्भात ऐकला असेल, तर जरूर सांगा.