शेत, भट्टी आणि संगणक

यंत्राचा एखादा भाग घडवण्यापूर्वी त्याची पहिली परीक्षा आज बहुधा संगणकावर होते. मात्र शक्य असलेल्या असंख्य रचनांपैकी नेमक्या कोणत्या तपासाव्यात, हे शहाणपण मुळात शेतातले आहे.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रोनल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. जमिनीचा कस पावलागणिक बदलतो. मग पीक वाढले ते खतामुळे की मातीमुळे? फिशर यांचे उत्तर असे : प्रयोग पुन्हा पुन्हा करावा, सारख्या वाफ्यांचे गट पाडावेत आणि कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे यदृच्छेवर सोपवावे. एका वेळी एकच घटक बदलण्याचा जुना दंडकही त्यांनी मोडला, कारण घटकांचा परस्परांवर होणारा परिणाम त्या रीतीने दिसतच नाही.

परंतु प्रत्येकी दोन पातळ्यांचे सात घटक घेतले, तरी सर्व जोड्या तपासायला १२८ प्रयोग लागतात. परस्परपरिणाम नगण्य मानले, तर समतोल कोष्टकाच्या आधारे आठ पुरतात. अशा कोष्टकांचे व्यापक गणित सी. आर. राव यांनी १९४०च्या दशकात मांडले. जपानच्या इना टाइल कंपनीत १९५३ साली भट्टीतील असमान उष्णतेमुळे फरशा लहानमोठ्या होत. भट्टी बदलण्याऐवजी प्रयोगांती मिश्रणातील चुन्याचे प्रमाण वाढवण्यात आले, आणि तफावत घटली. या पद्धतीचे प्रवर्तक गेनिची तागुची १९५४-५५मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते.

संगणकाने मात्र फिशर यांच्या पायालाच धक्का दिला. निश्चित समीकरणांवर चालणाऱ्या सिम्युलेशनला तोच प्रश्न शंभरदा विचारा, उत्तर तेच येते. पुनरावृत्ती निरर्थक ठरते. म्हणून मॅके, बेकमन आणि कोनोव्हर यांनी १९७९ साली प्रत्येक घटकाचा संपूर्ण पल्ला व्यापणारी ‘लॅटिन हायपरक्यूब’ निवड सुचवली. पुढे १९८९ साली सॅक्स, वेल्च, मिचेल व विन यांनी मोजक्या उत्तरांवरून उरलेल्यांचा अंदाज, आणि त्या अंदाजातील अनिश्चितताही, सांगणारी रीत मांडली.

तरीही ही अनिश्चितता सिम्युलेशनच्या उत्तराविषयीची आहे, वस्तूविषयीची नव्हे. शेत दर खेपेस थोडे वेगळे बोलते, आणि त्या विसंगतीतूनच आपल्याला चुकीचा अदमास येतो. संगणकातले समीकरण सदोष असेल, तर तो तीच चूक तितक्याच ठामपणे पुन्हा सांगतो. ती उघडी पाडायला अखेर खरी भट्टीच पेटवावी लागते.