ओट्यावरची तिरपी रेघ

पिंपळगाव राजातल्या तुमच्या घराच्या ओट्यावर, दाराच्या डाव्या हाताला, शहाबादी फरशीत पंचवीस घरं कोरलेली आहेत. पाच आडवी, पाच उभी. मधल्या घरात एक फुली, चारही कडांच्या मधोमध एकेक. वरून तिसरी आडवी रेघ तिरपी गेली आहे. तिच्यावर बोट ठेवा आणि हलकेच डावीकडून उजवीकडे न्या. जिथं ती घसरते तिथं बोटही घसरतं, आणि फरशी एकदम गार लागते.

पहाट आहे. बोटाखाली रेघ नाही, फरशी कोरी आहे. १३ एप्रिल २०२०, सोमवार.

तुम्ही या घरातले धाकटे. २१ मार्चला दोन दिवसांसाठी म्हणून पुण्याहून आलात. २२ ला जनता कर्फ्यू लागला, २५ पासून सगळा देश बंद झाला. पुण्याहून आलेला माणूस म्हणून चौदा दिवस मागच्या खोलीत वेगळे राहिलात, ताट उंबऱ्यावर ठेवलं जायचं. आता आठवडा झाला, घरात सगळ्यांमध्ये वावरता. एसटी बंद आहे, जलंबला एकही पॅसेंजर थांबत नाही, शेगावला गजानन महाराजांचं मंदिरसुद्धा बंद आहे. अंगात दादाचा सदरा आहे, कारण पिशवीत दोनच होते.

घरात माय आहे, दादा-वहिनी आहेत, दहावीतली पुतणी आणि चौथीतला पुतण्या. आणि कापूस आहे. समोरची खोली छताला टेकेल इतकी कापसानं भरली आहे. लांब धाग्याच्या कापसाला यंदाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये, पण खरेदी थांबली आणि माल घरातच राहिला. खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला १८७० साली, तो या भागातला कापूस बाहेर न्यायलाच. आज तो कापूस तुमच्या बैठकीत बसून आहे आणि माणसं मागच्या दोन खोल्यांत. उन्हाळ्यात घरात साठवलेला कापूस अंगाला खाज आणतो. म्हणून पोरांना त्या दाराकडं फिरकू देत नाहीत, आणि पोरं नेमकी तिथंच घुटमळतात.

"बाबू, उठला का? हात धू अन् ये. आज तुह्यं काम हाय."

मायनं तीन दिवसांपूर्वी गहू भिजत घातले होते. रोज पाणी बदललं, काल ते वाटून पिळून चीक काढला, रात्रभर निवळत ठेवला. दरवर्षी कुरडयांच्या दिवशी गल्लीतल्या चार-पाच बाया यायच्या. एक चीक शिजवायची, एक साचा दाबायची, दोघी स्लॅबवर घालत जायच्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. पुरुषांना त्या दिवशी घरात जागा नसायची. यंदा कोणाच्या घरी कोणी जात नाही.

"बाया येत होत्या तवा तुमी पारावर बसत होते. आता बसा साच्यापाशी," माय म्हणते. त्यात राग नाही. उलट तिला बरं वाटलेलं दिसतं.

वरचं निवळ पाणी ओतून देतात. पातेल्यात मिठाचं पाणी उकळतंय. वहिनी चीक ओतते आणि तुम्ही लाकडी पळीनं हलवत राहता. पहिली दोन मिनिटं सोपी जातात. मग तो घट्ट होत जातो, दंड भरून येतात, आणि हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. रंग पांढऱ्याचा काचेसारखा होतो, वर चकाकी येते. माय बोट ओलं करून लावून बघते. बोटाला चिकटला नाही, म्हणजे शिजला. पहिला चीक वाटीत, वर कच्चं तेल आणि तिखट. जिभेला चटका बसतो तरी पोरं फुंकर मारायला थांबत नाहीत. या वाटीसाठीच ती पाचला उठली आहेत.

स्लॅबवर धुतलेलं जुनं धोतर अंथरलं आहे, चारही कोपऱ्यांवर विटा. गरम साचा फडक्यात धरून दादा पिळतो. त्याची पहिली कुरडई म्हणजे नुसता गुंता. दुसरी अंड्यासारखी. आठव्या-नवव्याला हाताला गोल सापडतो. गोल सापडला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. कापसाची खरेदी थांबल्यापासून हा माणूस जेवणापुरतं बोलत होता. आता तो पुतण्याला हाक मारून म्हणतो, "हे पाह्य, हे पाह्य!"

पुतण्याला साचा जड जातो. त्याची कुरडई वर रुंद आणि खाली निमुळती होते. पुतणी वाकून बघते आणि म्हणते, "काका, हा ब्राझील आहे."

तिला ब्राझील पाठ आहे. राज्याच्या दहावीच्या भूगोलाचं पुस्तक म्हणजे भारत आणि ब्राझील, हे दोनच देश शेजारी-शेजारी ठेवलेले. तिचा तो पेपर २३ मार्चला होता. आधी पुढं ढकलला, आणि कालच रद्द झाल्याचं जाहीर झालं. सगळे म्हणाले, सुटलीस. ती काल रात्री जेवली नाही. वर्षभर पाठ केलेला एवढा मोठा देश, आणि कोणी विचारणारच नाही.

नऊ वाजता सगळे टीव्हीसमोर बसतात. २८ मार्चपासून दूरदर्शननं रामायण पुन्हा लावलंय. ही मालिका पहिल्यांदा सुरू झाली १९८७ च्या जानेवारीत, आणि तेव्हा एकेका टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसायची, चपलांचा ढीग दाराबाहेर. आता घरोघरी टीव्ही आहे आणि तोच आवाज प्रत्येक बंद दारामागून येतो.

दुपारी ऊन चाळिशी ओलांडतं. कूलरसमोर ओली सतरंजी टाकून सगळे आडवे होतात. इथं तुम्ही एक गोष्ट करा. पुतणीला विचारा, "ब्राझीलला जायचं कसं?"

ती उठून बसते. तिच्या पुस्तकाची सुरुवातच क्षेत्रभेटीच्या धड्यानं होते. क्षेत्रभेट, म्हणजे आधी प्रश्नावली, मग सामान, मग प्रवास. ती पाठकोऱ्या कागदावर घराचा नकाशा काढते. मागचं अंगण, जिथं कडुलिंब आहे, ते ॲमेझॉनचं खोरं. न्हाणीसमोरचं कायम ओलं राहणारं दगडाचं तळ म्हणजे पँटानल, दलदलीचा प्रदेश. रिकाम्या रांजणाचा कोपरा म्हणजे अवर्षण चतुष्कोन, ब्राझीलच्या ईशान्येचा कमी पावसाचा भाग. ते ऐकून माय म्हणते, "हे तं आपलंच गाव झालं." आणि कापसाची खोली? ती उच्चभूमी. तिथं चढायला मनाई, दारातून बघायचं आणि उंची अंदाजानं लिहायची.

तिकिटं कागदाची. वहिनी कॉफी करते, कारण ब्राझीलमध्ये कॉफी पिकते. घरात कॉफीची एकच दहा रुपयांची पुडी आहे, ती सहा कपांत पुरवावी लागते. पुतण्या ॲमेझॉनमध्ये दोन पोपट आणि एक सरडा मोजतो. दादा विचारतो की तिथं कापूस होतो का, आणि त्यांचं काय चाललं असेल आता. पुतणी म्हणते, होतो, आणि त्यांच्याकडंही कोरोना आहे. क्षणभर कोणी बोलत नाही. मग माय विचारते, तिथल्या बाया कोणती भाषा बोलतात? पोर्तुगीज, पुतणी सांगते. गोव्यात होते तेच का? तेच. मायला हे फार आवडतं. संध्याकाळपर्यंत ती दोनदा विचारते.

परीक्षा होते ती अशी, कूलरच्या आवाजात, आणि पोरीला शंभरातले शंभर पडतात.

ऊन उतरल्यावर ओटा. मायनं कोनाड्यातून डबी काढली आहे. तिच्यात फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार डाळी, एका बाजूनं तपकिरी, दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या. चुलीतल्या कोळशानं ती पंचवीस घरं ओढते. अष्टा-चंगा. चारही पांढरे वर पडले तर चंगा, म्हणजे चार; चारही तपकिरी तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्हीला पुन्हा डाव. बाहेरच्या घरांवरून एक फेरी, मग आतल्या घरांतून उलटी, मग मधलं घर. फुलीवर बसलेल्याला कोणी मारायचं नाही.

"आजी, मी अंदर जाऊ?"

"एकाले तरी मारल्याबिगर अंदर जाता येत नाही, बाप्पा."

तिचे डोळे अंधुक झालेत, पण पट तिच्या मनात आहे. कुठल्या घरात कोणाची बांगडी, कोणाचा खडा, सगळं न बघता सांगते. खेळता खेळता ती तिच्या आजीनं सांगितलेलं सांगते. प्लेगात लोक घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिले होते. मग १९१८ ची मानमोडीची साथ आली, तेव्हा घरात पाणी द्यायला उठणारं कोणी राहिलं नव्हतं. "तवा घर सोडा म्हनत, आता घर सोडू नका म्हनतात," एवढंच ती बोलते आणि चिंचोके टाकते. तुम्हाला पुढच्या वर्षीचा, दुसऱ्या लाटेचा एप्रिल माहीत आहे. तो आत्ता मनात आणू नका. तुमची पाळी आहे.

रात्री स्लॅबवर. वाळलेल्या कुरडया काढून ठेवल्यात, धोतराच्या जागी गाद्या आल्यात. चंद्र उगवायला मध्यरात्र होणार आहे, गाड्यांची धूळ नाही, धूर नाही. इतकं आभाळ तुम्ही पुण्यात वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. पश्चिमेला शुक्र, डोळ्यांत भरेल असा. उत्तरेला वर सप्तर्षी. माय त्याला सप्तर्षी म्हणत नाही.

"ते बुढीचं खाटलं. चार पाय दिसले का? अन् हे मांगचे तीन चोर, खाटलं न्याले आले."

"मग बुढी कुठंय?"

"बुढी उठून बसली हाय. म्हनून तं ते नेत नाहीत."

दादा पश्चिमेला कलता मृग दाखवतो, मधला तीन ताऱ्यांचा बाण. सूर्य ७ जूनच्या आसपास त्या नक्षत्रात जातो आणि पेरणीची वाट बघणं सुरू होतं. "मिरगापर्यंत कापूस गेला पाह्यजे," तो म्हणतो. कोणाला उद्देशून नाही.

सकाळी वहिनीनं ओटा धुतला आणि कोळशाचा पट वाहून गेला. पुतण्या रडकुंडीला आला. दादा काही न बोलता आत गेला आणि लांब खिळा व पुतणीची फूटपट्टी घेऊन आला, पट फरशीतच कोरायला. आज १४ एप्रिल. पलीकडच्या गल्लीत निळे झेंडे घराघरांवर लागलेत, मिरवणूक नाही, प्रत्येक घरात बाबासाहेबांच्या फोटोसमोर घरचीच माणसं उभी आहेत. दहा वाजता पंतप्रधान बोलणार आहेत. टीव्हीचा आवाज मोठा करून ठेवलाय.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेले खेळाचे पट आहेत. ते कोरणारेही असेच उकिडवे बसले असतील.

दादा पहिली रेघ ओढतो. पुन्हा-पुन्हा त्याच खाचेत, फरशीचा पांढरा भुगा फुंकत. दुसरी रेघ. तुम्ही फूटपट्टीचं एक टोक दाबून धरलंय. तिसरी सुरू होते आणि आतून आवाज येतो, टाळेबंदी ३ मेपर्यंत. वहिनी दारात येऊन थांबते. दादाचा हात सटकतो.

तुम्हाला हे माहीत होतं. फूटपट्टी आणखी घट्ट धरता आली असती.

"वाकडी झाली," दादा म्हणतो.

"राहू दे. खेयाले चालते," माय म्हणते. तिनं डबी उघडली आहे. अजून तीन आडव्या रेघा आणि सहाच्या सहा उभ्या बाकी असताना ती चिंचोके मुठीत खुळखुळवते आणि फरशीवर टाकते.

चारही पांढरे. पुन्हा तिचाच डाव.