ओकिनावा : पूल आणि पाटी

आज आपण ओकिनावाला जाणार आहोत. क्युशूपासून तैवानच्या दिशेने पसरलेली ही उष्ण, दमट बेटं. नकाशात आपण त्यांना जपान म्हणतो. पण तिथे जाणं म्हणजे नेमकं कुठल्या देशात जाणं? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात अनेकदा बदललं आहे.

१४२९ च्या सुमारास शो हाशी याने तिथली तीन राज्यं एकत्र केली आणि रियुक्यू राज्य उभं राहिलं. राजधानी शुरी. जमीन थोडी, पण चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया यांच्यामधली मोक्याची जागा. १४५८ साली ओतलेल्या शुरीच्या घंटेवर या राज्याला जगातल्या देशांना जोडणारा पूल म्हटलं आहे. आता पूल म्हटला की त्यावरून सैन्यही जातं! १६०९ मध्ये सात्सुमाने राज्य जिंकलं. चीनशी व्यापार चालू राहावा म्हणून राजाला मात्र गादीवर ठेवलं. चिनी दूत आले की सात्सुमाची माणसं दृष्टिआड होत. १८७९ मध्ये जपानने राज्यच बरखास्त केलं.

पुढे शाळेत मूल घरची भाषा बोललं की त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ती उतरवायची तर तसंच बोलणारा दुसरा कुणी पकडून द्यायचा. म्हणजे बघा, पहारा ठेवायला शिपाई लागला नाही, वर्गमित्रच पुरले. बोली की भाषा, हा वाद मराठी-कोकणीच्या निमित्ताने आपल्या परिचयाचा आहे. पण तो निव्वळ व्याकरणाचा नसतो. रियुक्यूच्या भाषा जपानीच्या कुळातल्याच, तरी तोक्योच्या माणसाला त्या कळत नाहीत. शाळेने मात्र त्यांना बोलीच ठरवलं. आणि १९४५ च्या लढाईत स्थानिक भाषा बोलणाऱ्याला हेर समजावं, असा जपानी सैन्याचा आदेश निघाला. त्या लढाईत तिथल्या लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा मृत्युमुखी पडला.

नंतर १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेचा अंमल. पुढेपुढे व्यवहार डॉलरमध्ये, आणि जपानच्या मुख्य बेटांवरून यायचं तरी प्रवासाचे कागद लागत.

आज नाहाच्या विमानतळावर 'मेन्सोरे' हा स्थानिक शब्द आपलं स्वागत करतो. शिक्षेच्या पाटीवरून भाषा स्वागताच्या पाटीवर आली, हे चांगलंच झालं. पण २००९ मध्ये युनेस्कोने रियुक्यूच्या सहा भाषा धोक्यात असल्याचं नोंदवलं. भाषा पाहुण्यांसाठी नव्हे, घरात नातवंडांशी बोलल्यानेच जगते. ओकिनावाला जाल तेव्हा समुद्र पाहाच, पण तिथले आजी-आजोबा आपसात काय बोलतात, तेही कान देऊन ऐका.