मांडीच्या सैल त्वचेवरील शस्त्रक्रिया

वजन मोठ्या प्रमाणात उतरल्यावर किंवा वय वाढल्यावर मांडीची त्वचा सैल पडून लोंबू लागते. ही जादा त्वचा कापून काढून उरलेली त्वचा ताणून बसवण्याच्या शस्त्रक्रियांना वैद्यकात ‘थाय लिफ्ट’ किंवा ‘थायप्लास्टी’ म्हणतात. या शस्त्रक्रियांची गरज सर्वाधिक भासते ती बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेने (जठराचा आकार कमी करून किंवा अन्नाचा मार्ग वळवून) तीस, चाळीस किंवा त्याहून अधिक किलो वजन घटवलेल्यांना. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी, आणि ज्या शहरात लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया व संशोधन दोन्ही रुजले त्या पुण्याच्या संदर्भात आहे.

त्रासाचे स्वरूप : मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा शरीरातल्या पातळ त्वचांपैकी एक आहे, आणि ती खालच्या थरांना सैलसर चिकटलेली असते. त्यामुळे चरबी गेल्यावर सर्वांत आधी तीच ओघळते. चालताना दोन्ही मांड्यांच्या घड्या एकमेकींवर घासतात, जांघ काचते, घाम साचतो, त्वचा सोलवटते आणि त्या ओलाव्यात गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग पुनःपुन्हा होतो. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याला हा त्रास दुप्पट होतो. पावडर, मलम, लांब पायांची आतली चड्डी असे उपाय काही काळ चालतात. चालता यावे, जिना चढता यावा म्हणून ज्याने एवढे वजन उतरवले, त्याला लोंबत्या कातडीमुळे चालणेच नकोसे व्हावे, ही अवस्था क्लेशदायक आहे. या शस्त्रक्रियेला सरसकट ‘हौस’ म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

व्यायामाने ही त्वचा आवळत नाही. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन तंतूंची घडण बिघडलेली असते. व्यायामाने खालचा स्नायू भरतो, पण वरच्या आवरणाचे क्षेत्रफळ कमी होत नाही. तेलाचे मालिश व दृढीकरणाची मलमे यांचाही उपयोग होत नाही. रेडिओलहरींच्या उपकरणांनी सौम्य शैथिल्यात थोडा फरक पडतो. हातात घडी धरता येईल इतकी कातडी लोंबत असेल तर या उपकरणांवर पैसे खर्चू नयेत.

पुणे आणि लठ्ठपणा : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची ‘किडकिडीत पण चरबीयुक्त’ शरीररचना जगापुढे मांडली. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी आपलेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) २२.३ इतकाच होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून किती वेगळी असतात, हे एका चित्रात दिसले. अशाच कारणांनी आशियाई लोकांसाठी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेची बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी धरली जाते. पुण्यात डॉ. शशांक शहा यांच्या लॅपरो ओबेसो सेंटरसारख्या केंद्रांतून या शस्त्रक्रियांचा प्रसार झाला. त्वचेचा प्रश्न त्यांच्या पाठोपाठच येतो, पण पहिल्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला तो पुरेसा सांगितला जात नाही. पोट, दंड, छाती व मांड्या यांची कातडी लोंबणार आणि ती आपोआप आत जाणार नाही, हे आधीच कळायला हवे.

ऐतिहासिक धागा : त्वचेला रक्तपुरवठा ठेवून ती सरकवता येते, या तत्त्वाशी पुण्याचे जुने नाते आहे. कावसजी हा इंग्रज सैन्यातला मराठा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळानंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवले. ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज वैद्यांनी पाहिल्याची नोंद आहे. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये तिचे वर्णन व चित्र छापून आले. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये ग्रंथ लिहिला. त्या कारागिराचे नाव कुठेही नोंदले गेले नाही, याची खंत वाटते.

मांडीची शस्त्रक्रिया मात्र विसाव्या शतकातली. अमेरिकी शल्यविशारद लुईस यांनी १९५७ मध्ये तिचे वर्णन केले. त्यांच्या पद्धतीत जांघेतून चंद्रकोरीच्या आकाराची त्वचा काढून दोन कडा नुसत्या शिवल्या जात. मांडीचे सगळे वजन त्या टाक्यांवर येई. कालांतराने व्रण खाली सरके, रुंद होई आणि स्त्रियांमध्ये योनिओष्ठ ओढले जात. या दुष्परिणामांनी ही शस्त्रक्रिया बदनाम झाली. १९८८ मध्ये टेड लॉकवूड यांनी उपाय सुचवला : त्वचेखालचा थर जांघेतल्या कॉलिस पटलाला, म्हणजे जघनास्थीच्या कडेला धरून असलेल्या मजबूत पडद्याला, टाक्यांनी पक्का बांधायचा. भार हाडाजवळ गेला, त्वचेवरचा ताण सुटला. १९७० च्या दशकाअखेरीस इव्ह-जेरार इल्लूझ यांनी चरबी शोषून काढण्याची, म्हणजे लायपोसक्शनची, पद्धत रूढ केली होती. १९८७ मध्ये जेफ्री क्लाइन यांनी चरबीचा थर भुलीच्या विरल द्रावाने फुगवून ती सुरक्षित केली. २००४ मध्ये ल लुआर्न व पास्कल या फ्रेंच शल्यविशारदांनी दोन्ही गोष्टी जोडल्या : जी त्वचा काढायची, तिच्याखालची चरबी आधी शोषून घ्यायची आणि नंतर फक्त कातडी उचलायची, जेणेकरून खालच्या शिरा व लसीकावाहिन्या जागेवर राहतात.

प्रकार व निवड : कोणती शस्त्रक्रिया योग्य, हे कातडी कुठे लोंबते आणि किती जाड आहे यावर ठरते. सर्जन रुग्णाला उभे करून, पाय थोडे फाकवून, चिमटीत घडी धरून खुणा करतो. रुग्णाला झोपवून आखलेल्या खुणा फसव्या असतात, कारण कातडी आडवी पसरते.

चरबी जास्त आणि त्वचा घट्ट असेल, तर नुसते लायपोसक्शन पुरते. मोठे वजन उतरलेल्या रुग्णात तसे करू नये. आतली चरबी उपसली की पिशवी आणखी रिकामी होते आणि लोंबणे वाढते.

मांडीच्या वरच्या तिसऱ्या भागातच शैथिल्य असेल, तर जांघेच्या घडीत लपणारा चंद्रकोरी छेद घेतात व लॉकवूड यांच्या पद्धतीने बांधतात. व्रण कपड्यात झाकला जातो, हा मोठा फायदा. पण ही पद्धत गुडघ्यापर्यंतची कातडी आवळू शकत नाही. तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवून जास्त त्वचा काढली, तर टाके उसवतात.

गुडघ्यापर्यंत कातडी लोंबत असेल तर उभा छेद लागतो. तो मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत जातो. इथे ओढ आडवी असते, मांडी गोलाईत आवळली जाते आणि जांघेतल्या टाक्यांवर भार कमी येतो. मोठे वजन घटवलेल्या बहुतेकांना हीच पद्धत योग्य असते. तिची किंमत म्हणजे मांडीभर लांब व्रण. तो आखूड कपड्यात दिसतो आणि सावळ्या त्वचेवर पहिले वर्षभर जास्त गडद राहतो. सर्जनने हा व्रण रुग्णाला बोटाने रेष ओढून दाखवावा.

मांडीची बाहेरची बाजू व नितंब लोंबत असतील, तर कंबरेभोवतीच्या पट्ट्यात त्वचा काढून सगळे वर उचलतात. त्याला ‘लोअर बॉडी लिफ्ट’ म्हणतात. ती शक्यतो आधी करतात आणि मांडीचा आतला भाग काही महिन्यांनी. पोट व बाहेरची बाजू वर गेल्यावर आतल्या मांडीची किती कातडी खरोखर उरते, ते तेव्हाच कळते. शिवाय सर्व अवयवांवर एकाच दिवशी शस्त्रक्रिया केल्यास वेळ वाढतो, रक्त जास्त जाते आणि पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

आधी तपासायचे : वजन किमान सहा महिने स्थिर असावे. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड वर्ष थांबतात. अन्नाचा मार्ग वळवणारा बायपास झालेल्यांत लोह, ब१२ व ड जीवनसत्त्व आणि प्रथिने कमी असतात. ती भरून काढल्याशिवाय जखम भरत नाही. आहारात डाळी, अंडी, पनीर, मासे यांतून रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने जावीत. मधुमेह आटोक्यात हवा. तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद हवी, आणि हे विचारताना फक्त सिगारेट विचारून चालत नाही. पुणे जिल्ह्यातल्या अनेक स्त्रिया मशेरी लावतात आणि ती तंबाखूच आहे, हे त्यांच्या ध्यानीही नसते. निकोटिनने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेल्या कडा काळ्या पडतात.

पाय जड आहेत ते लसीकेच्या सुजेमुळे तर नाहीत, हेही पाहावे. विदर्भातून आलेल्या रुग्णात हत्तीपायाचा विचार आधी करावा, कारण नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत तो रोग दीर्घकाळ आहे. पाऊल व बोटे सुजलेली असतील, दाबल्यावर खळगा पडत असेल, तर जांघेत छेद घेणे धोक्याचे. लायपेडिमा या विकारात पाऊल सुजत नाही, पण मांड्या दुखऱ्या व सहज काळ्यानिळ्या होतात. तिथे उपचाराची दिशा वेगळी असते.

शस्त्रक्रियेनंतर : पूर्ण भूल किंवा पाठीतून दिलेल्या भुलीखाली शस्त्रक्रियेला दोन ते चार तास लागतात. रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठवून चालवतात, जोखीम जास्त असल्यास हेपॅरिनची इंजेक्शने देतात. दाबाचे तंग कपडे चार ते सहा आठवडे वापरावे लागतात. इथे भारतीय राहणीशी खरी गाठ पडते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, देशी पद्धतीचा संडास, दुचाकीवर टांग टाकणे या सगळ्या हालचालींनी जांघेतले टाके ताणले जातात. पहिले तीन-चार आठवडे कमोड लागतोच. घरी नसेल तर खुर्चीचा कमोड आणून ठेवावा. जेवण टेबलावर, देवपूजा खुर्चीवर. प्रत्येक लघवी-शौचानंतर जांघ धुऊन टिपून कोरडी ठेवावी लागते. कार्यालयीन काम साधारण दोन-तीन आठवड्यांनी, दुचाकी व व्यायाम सहा आठवड्यांनी आणि तेही सर्जनने जखम पाहिल्यावर.

जखमेच्या किरकोळ तक्रारी या शस्त्रक्रियेत अपवाद नसून नेहमीच्या आहेत. पिट्सबर्गमधील सर्जनांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १०६ रुग्णांच्या मालिकेत सुमारे दोन तृतीयांशांना काही ना काही गुंतागुंत झाली आणि सुमारे निम्म्यांचे टाके कुठेतरी उसवले. बहुतेक जखमा ड्रेसिंगने भरतात. पण पाणी साचणे, संसर्ग, व्रण खाली सरकणे आणि पायाला सूज राहणे यांची कल्पना रुग्णाला हवी. सूज टाळण्यासाठी मोठी सॅफेनस शीर व तिच्याजवळच्या लसीकावाहिन्या जपत उथळ थरातच काम करावे लागते. म्हणून ही शस्त्रक्रिया एम. सी. एच. किंवा डी. एन. बी. (प्लास्टिक सर्जरी) झालेल्या सर्जननेच करावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत पात्रता तपासता येते. दवाखान्याच्या पाटीवरचा ‘कॉस्मेटिक’ हा शब्द पात्रतेचा पुरावा नव्हे.

खर्च व विमा : आरोग्य विम्याच्या वगळीचे नियम विमा नियामकाने २०१९ मध्ये एकसारखे केले. त्यांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक असल्यास, इतर उपाय फसल्यावर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. कॉस्मेटिक व प्लास्टिक सर्जरी मात्र वगळलेली आहे. अपवाद फक्त अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा आणि रुग्णाच्या आरोग्याला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचाराचा, तोही उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसे प्रमाणित केल्यास. जीएसटीतही आरोग्यसेवेला करमाफी असताना जन्मजात दोष, वाढीतील दोष, इजा वा आघात यांवाचूनची प्लास्टिक सर्जरी माफीबाहेर ठेवून तिच्यावर १८ टक्के कर लागतो. चाळीस किलो वजन उतरल्यावरची कातडी या यादीत नाही. उपचाराचा पहिला अर्धा भाग आजार मानायचा आणि त्याच उपचाराने निर्माण झालेला दुसरा अर्धा भाग शौक मानायचा, ही विसंगती दूर व्हायला हवी.

तोवर रुग्णाने कागद जमवावेत : पुन्हा-पुन्हा झालेल्या त्वचासंसर्गाची त्वचारोगतज्ज्ञाची नोंदपत्रे, वापरलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, तारखेसह छायाचित्रे, वजनाचा आलेख आणि सर्जनचे वैद्यकीय गरजेचे प्रमाणपत्र. विमा कंपनीकडे शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी विचारणा करावी. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे लागते. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे वकिलाशिवाय, विनाशुल्क तक्रार करता येते. त्याचे कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे.